शरदातला दर्या: शिडाच्या बोटीने मुंबई ते गोवा

सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर वसले आहे. नकाशावर पट्टी ठेवून तिथून सरळ पश्चिमेला रेघ ओढावी. ती पंढरपुरावरून जाते, साताऱ्याला जवळजवळ स्पर्श करते, सह्याद्री ओलांडते आणि सुमारे ३०० किलोमीटरवर, दाभोळ आणि हर्णै यांच्या मधल्या किनाऱ्यावर समुद्राला भेटते. भाद्रपद सरता सरता एखादी शिडाची बोट मुंबईहून गोव्याकडे निघाली असेल, तर वाटेत ती ही रेघ ओलांडते. त्या रात्री तिच्यावरच्या खलाशाला ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढा वर दिसतो, तेवढाच तो सोलापुरातल्या गच्चीवरून दिसतो.

पण सोलापूरचा या सफरीशी संबंध केवळ अक्षांशाचा नाही. सोलापुरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. जूनपासून जोराने वाहणारे नैऋत्य वारे तेव्हा सैल पडू लागलेले असतात. पूर्वेकडून, बंगालच्या उपसागराकडून येणारे कमी दाबाचे पट्टे दख्खनच्या आत शिरतात, दुपारनंतर गडगडाटी ढग चढतात आणि ज्वारीच्या पेरणीला लागणारी ओल देऊन जातात. वाऱ्याचा हाच सैलावा सह्याद्रीच्या पलीकडे कोकणचा दर्या उघडतो. एका बदलाची ही दोन तोंडे आहेत. दर्याकडच्या तोंडाबद्दल देशावर फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

जून ते ऑगस्ट कोकणच्या समुद्रात शीड चालत नाही. उघड्या दर्यावर चार-पाच मीटर उंचीच्या लाटा उठतात, वारा थेट किनाऱ्याकडे ढकलतो आणि खाड्यांच्या तोंडाशी लाटा फुटत असल्याने आसऱ्याला आत शिरणेही जिवावरचे ठरते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती तर वाफेवर चालणारी बोट होती. शिडाच्या होड्या या दिवसांत वाळूवर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या असत. यांत्रिक मासेमारीलाही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते.

श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ अर्पण करतात आणि होड्या पाण्यात ढकलतात. मात्र पूजेच्या दुसऱ्या दिवशी समुद्र निवतो असे नाही. जवळपासची मासेमारी सुरू होते, पण लांबच्या वाटेला निघणाऱ्या गलबताला लाटांचा जोर ओसरेपर्यंत थांबावे लागते. आपल्या पंचांगात याच सुमाराला अगस्तीचे दर्शन येते. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा पहाटे दक्षिण क्षितिजावर दिसू लागला, की पावसाळा उतरणीला लागतो आणि गढूळ पाणी निवळते, हा जुना ठोकताळा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव त्या ताऱ्याला मिळाले आहे. दक्षिणेला तोंड करून जाणाऱ्या बोटीला तर तो नाळेच्या समोरच उगवलेला दिसतो.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण या सफरीतले खरे आश्चर्य तिथेच आहे.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सर्वांनी शिकलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि हवा उलट, जमिनीवरून समुद्राकडे वाहते, तो मतलई वारा. पावसाळ्यात हा खेळ चालत नाही. आकाश ढगांनी झाकलेले असते, जमीन तापत नाही, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या जोरापुढे या नाजूक वाऱ्यांना जागाच उरत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऊन पडू लागते, मोठा वारा मंदावतो आणि हे दोन लहान वारे जागे होतात. भारतीय हवामान विभागाच्या २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमाराला माघार घेतो. त्या तारखांच्या आगेमागे कोकणात खारे वारे नियमाने वाहू लागतात.

शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट पुढे आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी कोणतीही हवा आपल्या उजवीकडे वळत जाते. सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला खारा वारा पश्चिमेकडून सुरू होतो. दुपार चढते तसा तो उजवीकडे वळतो आणि तीन-चार वाजेपर्यंत वायव्येकडून वाहू लागतो. कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला, किंचित आग्नेयेकडे झुकलेला. म्हणजे दिवसातला सर्वांत भरवशाचा आणि जोमदार वारा दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या पाठीकडून, उजव्या अंगाने येतो. त्रिकोणी शिडाला याहून सोयीची दिशा नाही. अगदी पाठीमागून वारा आला तर शीड एका बाजूवरून दुसरीकडे फटकारते आणि बोट डोलते. समोरून आला तर नागमोडी जावे लागते. तिरका, पाठीकडचा वारा शिडात भरून राहतो आणि बोटीला एका अंगावर थोडी कलती ठेवून सरळ पुढे नेतो.

रात्री मतलई वारा पूर्वेकडून येतो. सह्याद्रीच्या उतारांवरून निवलेली हवा खाली कोकणपट्टीत आणि तिथून समुद्रावर उतरते. खाड्यांच्या तोंडाशी तो जास्त जाणवतो, कारण दरीतून येणाऱ्या हवेला खाडीची वाट मोकळी मिळते. हा वारा मंद असतो आणि किनाऱ्यापासून फार दूर गेले की विरतो. पण तो जमिनीकडून येत असल्याने त्याच्या जोरावर किनाऱ्याजवळ लाटा उठत नाहीत. पहाटे नांगर उचलून मतलई वाऱ्यावर खाडीबाहेर पडायचे, सकाळी वारा पडला की तासभर थांबायचे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर शीड भरून दक्षिणेला धावायचे आणि संध्याकाळी पुढच्या खाडीत शिरायचे, असा दिवसाचा क्रम निसर्गानेच आखून दिलेला आहे. वारा दहा-बारा नॉटचा असला तर साधी लाकडी बोटसुद्धा ताशी चार-पाच सागरी मैल कापते. मुंबई ते पणजी हे सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे अंतर, म्हणजे चारशेहून थोडे अधिक किलोमीटर. रोज खाडीत मुक्काम करत गेले तर पाच-सहा दिवस लागतात. न थांबता जाणारी आजची शर्यतीच्या घाटणीची बोट दोन दिवसांत पोचू शकते.

पाण्याचा प्रवाहही याच सुमाराला बोटीच्या बाजूने असतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्याने एक सागरी प्रवाह वाहतो आणि तो वर्षातून दोनदा दिशा बदलतो. उन्हाळ्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो दक्षिणेला वाहतो, आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेला. जगात किनाऱ्यालगतचे बहुतेक मोठे प्रवाह वर्षभर एकाच दिशेने जातात. उत्तर हिंदी महासागरातले प्रवाह उलटतात, कारण त्यांच्यावरचे वारेच ऋतूप्रमाणे उलटतात. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या प्रवाहाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्यांच्या कामातून दिसते, की या उलटण्यामागे केवळ स्थानिक वारा नसतो. बंगालच्या उपसागरात उठलेल्या फार लांब आणि फार सखल लाटा श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि इथल्या प्रवाहाला वळण लावतात. मुंबईच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या नायकाला, हे सिद्धान्त ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शरदात दक्षिणेला जाणे हलके जाते, हे मात्र त्याला हाताखालच्या सुकाणूवरून कळत असणार.

पाण्याच्या पोटातही एक विलक्षण गोष्ट चाललेली असते. पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळे खोल समुद्रातले थंड पाणी वर सरकून किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर येते. त्याच्यावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो आणि झाकणाचे काम करतो. खालच्या पाण्यातला प्राणवायू सडणाऱ्या शेवाळामुळे खर्च होत जातो आणि वरून नवा मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या किनाऱ्यावरचा हा अल्प प्राणवायूचा पट्टा जगातल्या नैसर्गिक किनारी पट्ट्यांपैकी सर्वांत मोठा ठरतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० साली ही गोष्ट जगापुढे मांडली. बोटीवरून यातले काही दिसत नाही. वरच्या थरात उन्हाने प्लवकांची चंगळ चाललेली असते, बांगड्याचे थवे याच महिन्यांत किनाऱ्याला लागतात आणि त्यांच्या मागे कुबडवाले डॉल्फिन खाड्यांच्या तोंडापर्यंत येतात.

भरती-ओहोटीचा हिशेबही दक्षिणेला जाताना सोपा होत जातो. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. हाच फरक गोव्यात दोन-सव्वादोन मीटरवर येतो. खंबायतच्या आखातात चिंचोळ्या जागेत कोंडून फुगणारी भरती जसजसे आखातापासून दूर जावे तसतशी सौम्य होते. मुंबईजवळ ओहोटीचे वेळापत्रक चुकले तर बोट चिखलात बसते. मालवणला तेवढी धास्ती नसते, तिथे धास्ती खडपांची.

मुंबई बंदरातून बाहेर पडले की पहिला मुक्काम थळसमोरच्या खांदेरीचा. तिथे थोडे थांबले पाहिजे, कारण शरदातल्या वाऱ्याने इतिहासात हात घातल्याचे इतके स्पष्ट उदाहरण या किनाऱ्यावर दुसरे मला आढळलेले नाही. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडाऱ्याने या ओसाड बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होणार हे पाहून इंग्रजांनी जहाजे पाठवली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने झुंज चालली. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण ही मोठी जहाजे पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून होती, आणि या ऋतूत रात्री व सकाळी वारा मंद असतो किंवा पडतो. मराठ्यांची लहान गलबते वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यातून जात आणि अंधारात किनाऱ्यावरून बेटावर सामान पोचवत. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने नागावच्या बाजूने वल्ही मारत येऊन इंग्रजांच्या ताफ्यावर हल्ला केला आणि ‘डव्ह’ नावाची गुराब, म्हणजे डोलकाठ्यांची लढाऊ नौका, पकडून नेली. इंग्रजांचे ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज तोफांच्या जोरावर टिकले, पण वेढ्याने किल्ल्याचे काम काही थांबले नाही. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. मोसमाची ही निवड योगायोगाची असेल असे मला वाटत नाही. ज्यांना दर्याचे पंचांग पाठ होते त्यांनी ती केली होती. १८६७ साली या बेटावर उभारलेले दीपगृह आजही जहाजांना वाट दाखवते.

खांदेरीच्या पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला, चौल-रेवदंडा, कोर्लई आणि मुरूड-जंजिरा एकामागून एक येतात. श्रीवर्धन, हरिहरेश्वर ओलांडले की सावित्रीच्या तोंडाशी बाणकोट. या प्रत्येक ठिकाणी रचना तीच: सह्याद्रीतून उतरलेली आखूड नदी, तिची खोल शिरलेली खाडी, मुखाशी वाळूचा दांडा आणि कड्यावर किल्ला. सह्याद्रीचा माथा किनाऱ्यापासून सरासरी पन्नास-साठ किलोमीटरवर असल्याने या नद्यांना लांबी मिळत नाही. त्याच माथ्याच्या पलीकडे भीमाशंकरला पडलेला थेंब मात्र भीमेतून सोलापूर जिल्हा ओलांडून कृष्णेला मिळतो आणि थेट बंगालच्या उपसागरात जातो.

पावसाळ्यानंतर खाडीत शिरताना तांडेल विशेष जपतो. पुराच्या पाण्याने गाळ आणि वाळू हलवलेली असते, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल याचा भरवसा नसतो. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजत, भरतीची वेळ साधून, रंग बदललेल्या पाण्यावर नजर ठेवून आत जायचे. आज बोटीवर खोली दाखवणारे ध्वनियंत्र असते, तरी हलत्या दांड्यापुढे नकाशा जुना ठरतो आणि गावातल्या मच्छीमाराला विचारलेले बरे.

हर्णैच्या सुवर्णदुर्गानंतर आपल्या सोलापूरच्या अक्षांशाची रेघ येते. पुढे दाभोळ. वासिष्ठीच्या तोंडावरचे हे बंदर बहामनी आणि आदिलशाही काळात दख्खनचे मोठे दार होते. कुंभार्ली घाटातून वर चढलेला माल कऱ्हाडमार्गे देशावर पसरे. सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्या बहामनी आणि आदिलशाही राजवटींनी सांभाळला, त्यांचे अरबी घोडे याच किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत.

या व्यापाराचे मूळ त्याहून फार जुने आहे आणि ते सोलापूरच्या अगदी जवळ सापडते. बार्शीहून पूर्वेला थोड्या अंतरावर, धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबा काकांचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावाटांच्या पुस्तकात ‘तगर’ नावाचे मोठे शहर येते. तगर म्हणजे तेर, हे १९०१ साली अभ्यासक फ्लीट यांनी साधार मांडले आणि आता ते सर्वमान्य आहे. पेरिप्लस सांगते, की तगर पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेला आहे आणि तिथून साधे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला नेतात. ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या व्यापाराच्या खुणा पाहायला मिळतात. सोलापूर-बार्शीकडच्या प्रत्येक शाळेची सहल एकदा तरी तिथे जायला हवी.

त्याच पुस्तकात इजिप्तहून भडोचला येणाऱ्या जहाजांनी जुलैच्या सुमाराला निघावे असे सांगितले आहे. मोसमी वारे पाठीवर घेऊन अरबी समुद्र ओलांडायचा आणि वारे ओसरू लागतात त्या वेळी इकडचा किनारा गाठायचा, असा तो बेत. मग लेखक भडोचपासून दक्षिणेकडे बंदरे क्रमाने सांगत जातो. सोपारा, कल्याण आणि ‘सेमिल्ला’ म्हणजे आपले चौल स्पष्ट ओळखू येतात. कल्याणला गेलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला नेली जातात, अशी राजकारणाची बातमीही तो देतो. नंतर चाचे असलेली बेटे येतात. त्यांतली काही अभ्यासक वेंगुर्ल्याच्या खडकांशी जुळवतात. आणि मग मिरीचा मलबार. मुंबईहून गोव्याकडे आज जाणारी शिडाची बोट त्याच क्रमाने तीच भूशिरे पाहते.

जयगड, रत्नागिरी, पूर्णगड मागे टाकून वाघोटनच्या खाडीत विजयदुर्गला पोचले, की दक्षिण कोकण सुरू होते. समुद्राचा रंग बदलतो, गाळ कमी होतो, जांभ्याचे कडे पाण्यात उतरतात. विजयदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे. जवळच खडकात खोदलेली त्यांची गोदी आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इथेच जळाले. त्या आरमारातल्या गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या, दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या असत. गलबते सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा असेल तेव्हा शीड आणि नसेल तेव्हा वल्ही, हे दुहेरी बळ या किनाऱ्याच्या दैनंदिन वाऱ्याला नेमके शोभणारे होते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर पाण्याखाली एक पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसएक मीटर खोल आहे आणि त्यावर प्रवाळ वाढलेले आहेत. त्याला आंग्र्यांचेच नाव मिळाले, ‘आंग्रिया बँक’. किनारा धरून जाणाऱ्या बोटीला ते लागत नाही, पण स्वच्छ पाण्यातले हे प्रवाळ महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले दुर्मीळ धन आहे आणि त्याची राखण व्हायला हवी.

देवगडनंतर मालवण. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या खडकावर गोडे पाणी टिकते, कारण पावसाचे झिरपलेले पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते आणि त्याच्यावर तरंगत राहते. दर्यावर्द्याच्या दृष्टीने तोफांइतकेच मोल या विहिरींचे. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज याच मालवणहून आरमारासह बसरूरच्या मोहिमेवर निघाले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. ते सारे एकाच सफरीत, शत्रूला जसे दिसत तसे समुद्राच्या बाजूने पाहायचे असतील तर शीड हेच उत्तम वाहन आहे. यंत्राची घरघर नसल्याने तटावर आपटणारी लाट ऐकू येते आणि किल्ला कुठे बांधला व का, ते कळते.

वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. गुहांच्या अंधारात त्या लाळेने घरटी चिकटवतात. या भागात रात्री मात्र बेताने जावे. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यांचा हा मोसम असतो, आणि बाहेरच्या पाण्यात मच्छीमारांची तरंगती जाळी मैलमैल पसरलेली असतात. अंधारात त्यांचे दिवे मिणमिणते असतात. सुकाणूत जाळे अडकले तर बोटही अडते आणि एका कुटुंबाची महिन्याची कमाईही फाटते. ज्याला हौसेने शीड हाकारायचे आहे त्याने पोटासाठी दर्यावर असलेल्या माणसाला वाट द्यावी, हे मला या सफरीतले पहिले कर्तव्य वाटते.

शरदाचा भरवसाही पुरता धरू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकणच्या दोन बोटी एकाच वादळात गेल्या. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक मासेमारी बोटी बाहेरच होत्या. आज उपग्रहांमुळे इशारा काही दिवस आधी मिळतो. तो मिळताच जवळची खाडी गाठणे हेच शहाणपण.

शिडाची वाहतूक या किनाऱ्यावरून हटवली ती आगबोटींनी. खारा वारा उत्तरेला जाणाऱ्या गलबताच्या तोंडावर येई, आणि कौले, नारळ, जांभ्याचे चिरे घेऊन मुंबईला परतणे आठवड्यांवर जाई. लांब तिरकी काठी असलेले शीड दुसऱ्या अंगावर फिरवणे हेही मेहनतीचे काम. वाफेला ही अडचण नव्हती. पण वाफेचा समुद्र परक्या कंपन्यांच्या हातात होता, आणि तो सोडवायला धडपडलेला माणूस सोलापूरचा. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस देश आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जिथून दर्या दिसतही नाही अशा गावच्या मुलाने देशाला जहाजे दिली, याचा सोलापूरने आणखी मोठ्याने अभिमान बाळगावा.

वेंगुर्ल्यानंतर रेडी, तेरेखोल, शापोरा आणि मग आग्वादचे भूशीर. त्याला वळसा घातला की मांडवीचे तोंड. नदीतून वर गेले की दिवाडी बेट लागते. शिडाची विद्या आज जिवंत आहे ती इथल्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. १७ मीटर लांबीची ‘म्हादेई’ इथे बांधली गेली. तिच्यावरून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये, वाटेत चार बंदरे घेऊन, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. तिची बहीण ‘तारिणी’ही याच कारखान्यातली. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला नौदल अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी तिच्यावरून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिला घेऊन गेल्या आणि पुढच्या मे महिन्यात जग फिरून आल्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून काथ्याने शिवून बांधलेले, एकही खिळा न ठोकलेले ‘कौंडिण्य’ हे जहाजसुद्धा याच बेटावर आकाराला आले आणि २०२५ साली नौदलात दाखल झाले.

या तिन्ही प्रदक्षिणा श्रावण ते आश्विन या दिवसांतच निघाल्या, त्याला कारण आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न ओलांडायचे तर तिथला उन्हाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, साधावा लागतो. एरवी तिथले वारे आणि बर्फ शिडाला थारा देत नाहीत. पश्चिम किनाऱ्याहून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमार्गे तिथवर जायला चार महिने लागतात. जानेवारीतून चार महिने मागे मोजले की सप्टेंबर येतो, जेव्हा आपला दर्या नुकताच उघडलेला असतो. ‘तारिणी’ने जानेवारी २०१८ मध्ये केप हॉर्न ओलांडले.